धोंडसाच्या बियरचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायला सरकारचा परवाना लागतो, ही गोष्ट पिणाऱ्यांपैकी कुणाच्या गावीही नसते आणि न पिणाऱ्यांपैकी फक्त मला ठाऊक होती. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मी तुळशीदास राऊळ. काळाचौकीला आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझ्या टेबलावरून अपुरा अर्ज कधी पुढे सरकला नाही. लोक मला काय काय म्हणायचे ते मला माहीत आहे, पण सही राहिली की अर्ज परत, मग तो साहेबाच्या मेव्हण्याचा का असेना. शिवाय आमच्या चाळीच्या व्यसनमुक्ती समितीचा मी उपाध्यक्ष. सुपारीचं खांडसुद्धा मी तोंडात टाकत नाही. अशा माणसाची मुलगी बियर बनवते.

बकुळा मायक्रोबायोलॉजी शिकली तेव्हा मला वाटलं, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये चिकटेल. ती चिकटली लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. तिथे आत मोठमोठ्या टाक्या आहेत, त्यांत ही बियर शिजवते आणि बाहेर लोक ती पितात. चाळीत मी सांगून ठेवलं होतं, ‘फूड कंपनीत आहे, क्वालिटीला.’ यात खोटं काही नव्हतं. बियर पोटातच जाते, आणि क्वालिटी तिलाही असते. पण तीन वर्षांत मी तिच्या कामाच्या जागी पाऊल ठेवलं नव्हतं. ती बोलवायची. पहिल्या वर्षी माझे गुडघे दुखत होते, दुसऱ्या वर्षी ऑडिट होतं, तिसऱ्या वर्षी पुन्हा गुडघे. मग तिने बोलवायचं सोडलं. ते मला लागलं होतं, पण सोयीचंही होतं.

एका रविवारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवताना ती म्हणाली, “बाबा, मालकाने मला एक टाकी दिलीय. माझी एकटीची. काळी गोड बियर करायची होती, स्टाउट म्हणतात. एखाद्या गोड पदार्थासारखी लागली पाहिजे. कोणी चॉकलेट केकची करतं, कोणी कॉफीची. मी धोंडसाची केलीय.”

“कसली?” शेवंताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातला डाव थांबला.

“धोंडसाची. आजीच्या.”

ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी सांगतो. तवसं म्हणजे पिकलेली जाडजूड काकडी. ती किसायची, त्यात भाजलेल्या तांदळाच्या कण्या, गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ घालायचं आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. झालं धोंडस. संपाच्या वर्षी मी सोळा वर्षांचा होतो. बाबा गिरणीच्या गेटवर आणि घरात डबे रिकामे. गावाहून मामाने एक तवसं आणि गुळाची ढेप पाठवली. माझ्या आईने, सखुबाईने, शेगडीवर टोप ठेवून, झाकणावर निखारे रचून धोंडस केलं. नेहमीसारखा मधला मऊ लुसलुशीत तुकडा आम्हा तीन भावंडांना मिळाला. त्यानंतर आयुष्यात तसं धोंडस खाल्लं नाही. हे मी बकुळाला ती रांगत होती तेव्हापासून सांगतोय, आणि नेमकं शेवंताने धोंडस केलं की सांगतो. त्याने संसारात गोडी वाढत नाही. शेवंता म्हणते, “तुमच्या आईचं धोंडस दर वर्षी आणखी गोड होत चाललंय.”

“ते खाल्लेला आता तूच उरलायस, बाबा,” बकुळा म्हणाली. खरं होतं ते. माझी दोन्ही भावंडं गेली. “येत्या शुक्रवारी टाकी उघडायची. तू चाखून सांग, तसं लागतं की नाही. तू हो म्हणालास तर फळ्यावर ‘धोंडस’ लिहीन. नाहीतर मालक म्हणतो तसं ब्राउनी म्हणून विकू. ब्राउनीने मी काही मरत नाही. पण…”

ती खाली मान घालून काटे काढत बसली. तिच्या मनगटावर भाजल्याचे दोन जुने डाग होते, टाकीच्या वाफेचे. ते तीन वर्षांत मला कसे दिसले नाहीत कोण जाणे.

“येईन,” मी म्हणालो. शेवंताने माझ्या पानात चुकून दोनदा कालवण वाढलं.

आता साधा माणूस असता तर शुक्रवारी उठून गेला असता. मी म्हटलं, “पण परवाना लागेल.”

“बाबा! तिथे कुणी विचारत नाही रे.”

“कुणी विचारत नाही म्हणून कायदा नसतो का?”

ती आईकडे बघून म्हणाली, “आई, याला आवर ना.” शेवंता म्हणाली, “तीस वर्षं तेच करतेय.”

सोमवारी मी परवान्याच्या कचेरीत जातीने हजर झालो. खिडकीतल्या बाई भल्या होत्या. फॉर्म वाचला तर त्यात लिहिलेलं, की अर्जदाराला आपली प्रकृती सांभाळण्यासाठी मद्याची गरज आहे. मी म्हटलं, “माझी प्रकृती ठणठणीत आहे. मी खोटं लिहिणार नाही.”

“काका, सगळे तेच लिहितात.”

“सगळे आजारी असतील. मी लिहितो, कन्येच्या व्यवसायाच्या कारणास्तव.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बारा वर्षांत या खिडकीवर मनाने चालत आलेले तुम्ही पहिलेच, आणि तुम्हीच माझा लंच टाइम खाताय. शेवटी मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि विचारलं, बियरने बरा होईल असा एखादा आजार मला आहे का? त्यांनी रक्त तपासलं. साखर काठावर निघाली. आजार निघाला, पण नेमका गोड बियर चालणार नाही असा. “दोन घोट घ्या. मन प्रसन्न राहणं हीसुद्धा प्रकृतीच,” डॉक्टर म्हणाले. तेवढ्या आधारावर मी सही केली. अजूनही ती सही आठवली की जरा टोचतं.

मग अडलं पत्त्यावर. माझ्या आधार कार्डावर गावचा पत्ता. बाई म्हणाल्या, चाळ कमिटीचा रहिवासी दाखला चालेल. दाखला देणार आमचे सेक्रेटरी अप्पा. हे अप्पा एकेकाळी गिरणीत फोल्डिंग खात्यात होते, आणि कापडाची घडी घालावी तितक्या हळू ते दाखला लिहितात. त्यांनी विचारलं, “राऊळ, कारण काय घालू?” मी बेसावध होतो. मी फॉर्ममधलं कारण सांगितलं.

आणि आता माझ्या स्वतःच्या कर्माकडे येतो. आमच्या चाळीत नियम आहे, की कमिटीने दिलेला कुठलाही दाखला आधी तीन दिवस जिन्याखालच्या फळ्यावर लावायचा. ‘हरकती असल्यास तीन दिवसांत कळवाव्यात.’ हा नियम पंधरा वर्षांपूर्वी भर सभेत भांडून मी करून घेतला होता. कुणीतरी खोटा दाखला नेला होता म्हणून. तेव्हा लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी फळ्यावर अप्पांचं टपोरं अक्षर झळकलं. ‘श्री. तुळशीदास राऊळ, उपाध्यक्ष, व्यसनमुक्ती समिती, यांना प्रकृतीच्या कारणास्तव मद्यसेवनाचा परवाना काढावयाचा असल्याने…’ पदाचा उल्लेख करायला कुणी सांगितलं होतं? अप्पा म्हणाले, “मानाचं पद आहे, गाळू कसं?”

मंगळवारी सकाळी मी गॅलरीत दात घासत उभा राहिलो आणि सगळी गॅलरी माझ्याकडे दयेने बघायला लागली. एकाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “होतं असं रिटायर झाल्यावर. आमच्या भावजींचंही झालं.” दुसरा म्हणाला, आधी चमचाभर तूप खा, चढत नाही. तिसऱ्याने तूप खोडून काढलं आणि दह्यावर भर दिला. मग तूपवाले आणि दहीवाले यांच्यात अशी जुंपली की माझ्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी शेवंताला पोळीभाजी पाठवली, जणू आमच्या घरी चूल पेटत नव्हती. तिने ती मुकाट्याने घेतली. म्हणाली, “भाजी चांगली होती. असंच चालू राहू दे.”

बुधवारी आमच्या दाराखालून एक पत्रक आत सरकलं. ‘वेळीच सावरा!’ खाली फोन नंबर. पत्रक आमच्याच समितीचं होतं आणि मजकूर मी लिहिलेला होता. मी ते पुन्हा वाचून काढलं. लिहिलं चांगलं होतं, पण ज्याच्या दाराखालून सरकवतात त्याला काय वाटत असेल, हा विचार लिहिताना मी केला नव्हता.

गुरुवारी शेवटच्या दिवशी लेखी हरकत आली. खाली सही, सुंदराबाई.

सुंदराबाई म्हणजे समितीच्या अध्यक्ष. वय शहात्तर. संपानंतर त्यांचा नवरा घरी बसला आणि मागच्या गल्लीतल्या गुत्त्यावर जायला लागला. संप कधी संपला ते कुणाला नीट कळलं नाही, पण त्यांचा नवरा दोन वर्षांत संपला. तेराव्यानंतर त्या लाटणं घेऊन गुत्त्यात गेल्या आणि त्यांनी सगळी पिंपं उपडी केली. मागून माझी आई होती, हातात फुंकणी घेऊन. त्या दिवशी समिती स्थापन झाली. पुढे बकुळा जन्मली तेव्हा सव्वा महिना तिला तेल लावून न्हाऊ घातलं ते सुंदराबाईंनीच. हरकत एका ओळीची होती. ‘उपाध्यक्ष पिणार, तर का पिणार ते माका कळूक व्हया.’

संध्याकाळी जिन्याखाली तातडीची सभा भरली. सतरंजी घातली होती. मी उभा राहिलो. ‘फूड कंपनी’ म्हणायला तोंड उघडलं आणि समोर सुंदराबाई डोळ्यांना डोळे लावून बसल्या होत्या. मी सगळं खरं सांगून टाकलं. बकुळा बियर बनवते, तीन वर्षं बनवते, मी तुमच्याशी खोटं बोललो. तिने आईच्या धोंडसाची बियर केलीय आणि मला चाखायला बोलावलंय. ती खूप हुशार आहे, मेहनती आहे, आणि मी एकदाही बघायला गेलो नाही. याची मला लाज वाटते. बियरची वाटत नाही तेवढी याची वाटते.

शेवंता पदराने डोळे टिपत होती आणि मला तर वाटत होतं, ही आज माझी सालं काढेल.

“म्हणजे तुझा चेडू दारू करता,” सुंदराबाई म्हणाल्या.

“हो.”

“सखूच्या धोंडासाची.”

“हो, मावशी.”

त्यांनी बराच वेळ सतरंजीच्या दशा सारख्या केल्या. मग म्हणाल्या, “उद्या मी येतंय. बघूक. पिऊक नाय.”

अप्पांनी लगेच ठराव लिहिला, की समितीतर्फे अध्यक्ष आणि सेक्रेटरी निरीक्षक म्हणून जातील. दाखल्यावर शिक्का बसला. शुक्रवारी सकाळी मी परवाना हातात घेतला आणि त्याच्यावर पारदर्शक कव्हर चढवून आणलं.

दुपारी चारला आम्ही चौघं टॅक्सीने निघालो. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि काखेत इतिवृत्ताची वही होती. गिरणीच्या आवारात शिरल्यावर ते एकदम उभे राहिले. ही त्यांचीच गिरणी होती. भिंती त्याच, वरची कौलं त्याच उतरणीची, पण खाली काचा, कुंड्या, झुंबरं. अप्पा बोट दाखवत चालले, इथे मस्टर, इथे आमचं फोल्डिंग. मग अगदी मधोमध, मखमली खुर्च्या मांडलेल्या एका टेबलापाशी थांबून म्हणाले, “राऊळ, इथे मुतारी होती.” त्या टेबलावर एक जोडपं हातात हात घालून बसलं होतं. शेवंताने अप्पांना दंडाला धरून पुढे नेलं.

दारातल्या मुलीला मी परवाना दाखवला. तिने उलटसुलट बघितला आणि गोड हसून म्हणाली, “सॉरी सर, यावर आज ऑफर नाहीये.” मी समजावून सांगितलं, हे कूपन नाही, हा माझा परवाना आहे. ती म्हणाली, “सो क्यूट!” आणि मेनू कार्ड दिलं. पाच दिवसांची पायपीट, एक वैद्यकीय तपासणी आणि एक जाहीर सभा यांच्या बदल्यात मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी क्यूट म्हणालं. मी परवाना खिशात ठेवला.

इतक्यात काचेच्या पलीकडून बकुळा आली. पायात गमबूट, केस वर बांधलेले, कपाळावर घाम. मला बघून हसली, आणि माझ्यामागे सुंदराबाई दिसल्या तशी जागच्या जागी थिजली. “आजी, तू?” म्हणत पटकन वाकून पाया पडली. सुंदराबाईंनी आशीर्वाद दिला नाही आणि हात काढूनही घेतला नाही. म्हणाल्या, “दाखव.”

पोरीने सगळं दाखवलं. माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या, नळ्या, घड्याळासारखे काटे. कोपऱ्यात भाजलेल्या धान्याचं पोतं होतं. सुंदराबाईंनी चार काळे दाणे उचलून दाताखाली चावले. “सातू गो? खूप भाजलंस.” बकुळा म्हणाली, “मुद्दाम, आजी. आणि गूळ आपला काळा, खोबरं भाजून घातलंय, शेवटी तवशाचा कीस.” ती हळू आवाजात बोलत होती, पण हात झरझर चालत होते. इकडचा नळ बंद, तिकडचा काटा बघ, हे पूस, ते लाव. मी तिला असं काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. माझी आई शेगडीपुढे अशीच असायची. माझा ऊर भरून आला, पण अप्पा वहीत काहीतरी टिपत होते म्हणून मी सावरलो.

तिने एका लहान ग्लासात बियर काढली. काळीकुट्ट, वर तांबूस फेस. ग्लास तिने माझ्या हातात दिला.

मी डोळे मिटले. आईचा तो मधला मऊ तुकडा आठवला आणि घोट घेतला.

जिभेवर आधी आला कडवटपणा. मग मागून गुळाचा गोडवा, खोबरं, पुसटशी वेलची. पण पुन्हा कडवट, करपलेलं, आणि अगदी शेवटी मिठाची कणी. मी आणखी एक घोट घेतला. चौघं माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटं बोलणं किती सोपं होतं! ‘अगदी तसंच’ एवढंच म्हणायचं होतं. पण तिने मला चाखायला बोलावलं होतं, कौतुक करायला नाही.

“बकू, चांगली आहे गं,” मी म्हणालो. “पण आईचं धोंडस असं नव्हतं. ते गोड होतं. हे… हे करपलंय.”

तिने मान डोलावली. “बरं,” म्हणाली. हसायचा प्रयत्न केला तिने, तो मला बघवेना. “ठीक आहे बाबा. ब्राउनी लिहिते.” आणि खडू घ्यायला वळली.

“थांब गो,” सुंदराबाई म्हणाल्या. “तुळशी, करपलाला म्हणजे कसा? नीट सांग.”

मी सांगितलं. आधी कडू, मग गूळ, मग पुन्हा कडू, शेवटी मीठ. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातला ग्लास घेतला. अप्पांचं पेन थांबलं. व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षांनी बियरचा ग्लास दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. ओठाला लावला नाही. नुसता वास घेत राहिल्या. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

“ह्या सखूचाच,” त्या म्हणाल्या. “तुका काय म्हायत, मेल्या! तुमका पोरांका मधला मिळायचा. तळ करपायचा शेगडीर. तो टोपाक चिकटललो तळ सखू उलथन्यान खरवडायची, नि आम्ही दोघी जिन्यात बसान खायचो, कोऱ्या चायबरोबर. मी म्हणायची, सखू, थोडा मधला ठेव गो तुका. ती म्हणायची, माका करपलालाच बरा लागता.”

बेचाळीस वर्षं मी आईच्या धोंडसाच्या गोष्टी सांगत होतो, आणि आईने काय खाल्लं ते मला ठाऊकच नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं. तिथेच, त्या झुंबराखाली, मी रडलो. बियर चढल्याची शंका कुणी घेऊ नये, जेमतेम दोन घोट झाले होते. बकुळाने येऊन मला मिठी मारली, गमबुटासकट. शेवंता आमच्या दोघांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“मग, आजी?” बकुळाने नाक ओढत विचारलं. “लिहू धोंडस?”

“लिही. आणि गोड करू नको. असाच रवांदे.” सुंदराबाईंनी ग्लास मला परत दिला आणि त्या टाकीकडे मान वर करून बघायला लागल्या. “किती केलंस गो ह्या?”

“पाचशे लिटर.”

“पाचशे लिटर!” सुंदराबाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी त्या गार स्टीलवर हात ठेवला. “तेव्हा ताटलीभर मिळाला तर आम्ही दोघी भांडायचो. पाचशे लिटर! अगो बाय माझे, आज सखू व्हयी होती.”